अर्ध्या तासाची हवा

आधी एक सांगून टाकतो. मी आठवीत शाळा सोडली. माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि मोठे शब्द मला येत नाहीत. सामानाच्या यादीपलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. तेव्हा वाचताना काही खटकलं तर सांभाळून घ्या. ही गोष्ट माझी नाही. आमच्या काकांनी सांगितली, तशी लिहितोय. शेवटचा थोडा भाग मात्र मी स्वतः पाहिलेला आहे.

काका म्हणजे मोटर बांधणारे. जळालेली मोटर आली की तिच्यातली जुनी तार उपटून काढायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं आणि भट्टीत भाजायची, हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. मी त्यांच्या दुकानात सहा वर्षं आहे. माझ्याबरोबर आणखी एक जण आहे. त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो बंद होत नाही.

त्या रात्री एका गिरणीची मोटर भट्टीत होती. सकाळी द्यायची होती. साडेनऊला वीज गेली. भट्टी विजेवरची, मोटर अर्धी कच्ची, त्यामुळे दुकान सोडता येईना. रेडिओ घरी जायला निघाला तर काका म्हणाले, "बस खाली. घरी जाऊन तरी काय दिवे लावणार आहेस?"

मेणबत्ती लावली. बाहेर रस्त्यावर काळोख होता. बराच वेळ कुणी बोललं नाही, म्हणजे रेडिओ सोडून. मग तोच म्हणाला, "काका, भुताची एखादी होऊन जाऊ दे."

"भुताची नाही येत मला," काका म्हणाले. "एका फिटरची सांगतो. माझ्या चांगल्या ओळखीचा होता. पण मध्ये बडबड केलीस तर उठून जाईन."

इथून पुढे काका बोलतायत असं समजा.

*

तो ब्लोअरचा फिटर. कारखान्यात हवेचे मोठे पंखे असतात ना, शंखासारख्या लोखंडी पेटीत चाक, बाहेर मोटर, दोघांमध्ये पट्टा, तेच त्याचं काम. नाडी बघावी तसा तो ब्लोअर बघायचा. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि सांगायचा, वंगण सुकलंय, की गोळी फुटलीये. ब्लोअर थरथरतोय म्हटलं की लोक बोल्ट आवळत सुटतात. हा म्हणायचा, आधी चाकावरची धूळ खरवडा, एकाच बाजूच्या पात्यांवर जास्त बसली असेल. दहांत नऊ वेळा तेच निघायचं.

फेब्रुवारीची अकरा तारीख, मंगळवार. अमावस्या नव्हती, अर्धा चंद्र होता. रात्री सव्वादहाला तो जेवून उठला, पिशवीत पाने, स्क्रूड्रायव्हर भरले आणि चपला घालायला लागला. बायकोने विचारलं, "आता कुठे?"

"रंगाच्या कारखान्यात. त्यांचा ब्लोअर रात्रीच बिघडतो म्हणे. दिवसा बघितला तर ठणठणीत."

ती भांडी घासत होती. हात थांबला. "त्याच कारखान्यात?"

"हो. साहेब नवीन आहे. त्याला काही माहीत नाही. फोन केला, नाही म्हणता येईना."

तिने हातातलं भांडं पालथं घातलं. मग म्हणाली, "जपून. घाई करू नका. आमच्या धांदरटाने केली तेवढी पुरे झाली."

याने पिशवी उचलली. निघाला.

तो धांदरट म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, तिच्याच कडेवर वाढलेला. हसरा, सारखी बडबड, या आपल्या रेडिओसारखा.

("म्हणजे हुशार," रेडिओ म्हणाला. "म्हणजे कटकट्या," काका म्हणाले, पण हसले नाहीत.)

नोकरी लागत नव्हती म्हणून भावोजीनेच, म्हणजे या फिटरनेच, त्याला रंगाच्या कारखान्यात चिकटवला. तिथे सांडपाण्याची एक टाकी आहे, जमिनीखाली. वर्षातून एकदा ती रिकामी करायची आणि माणसाने आत उतरून गाळ काढायचा. त्या गाळात विषारी वायू साठलेला असतो. वास येतो असंही नाही. म्हणून नियम असा की आधी ब्लोअर चालू करायचा, त्याची जाड नळी टाकीच्या तळापर्यंत सोडायची, अर्धा तास हवा भरू द्यायची आणि मगच उतरायचं.

नऊ वर्षांपूर्वी, टाकी साफ करायच्या दोनच दिवस आधी त्या ब्लोअरची मोटर जळाली. बांधायला गेली. आदल्या रात्री बांधून परत आली. सकाळी फिटर जोडायला बसला. आता जुनी मोटर काढताना त्याने कारखान्याच्या तिन्ही वायरींना खुणा केल्या होत्या, लाल, पिवळी, निळी. पण बांधून आलेल्या मोटरच्या वायरींना खुणाच नव्हत्या. सगळ्या काळ्या. असं झालं तर काय करायचं, सांग बघू?

(हे मला विचारलं. मी म्हणालो, "कशाही जोडायच्या आणि झटका देऊन बघायचं.")

बरोबर. क्षणभर चालू, लगेच बंद, आणि चाक कुठल्या बाजूला फिरतंय ते बघायचं. पेटीवर बाण ओतलेलाच असतो. बाणाच्या बाजूला फिरलं तर ठीक. उलटं फिरलं तर कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करायची. दोन मिनिटांचं काम. पण त्या सकाळी सुपरवायझर डोक्यावर उभा. "झालं का? झालं का? माणसं खोळंबलीत." याने पट्ट्यावरची जाळी बसवली, ब्लोअर चालू केला आणि नळीच्या तोंडाशी हात धरला. हवा येत होती. चांगली येत होती. याने झटका देऊन बघितलंच नाही.

घोळ इथेच आहे पोरांनो. उलटं चाक हवा देत नाही असं नाही. या जातीचा ब्लोअर उलटा फिरला तरी हवा पुढेच ढकलतो. फक्त देतो तिसरा हिस्सा. हाताला ते कळत नाही. वर नळीच्या तोंडाशी वारा लागतो, आणि खाली टाकीच्या तळाशी...

असो.

पोरगा घाई करणारा होता, सगळे म्हणायचे. पण त्या दिवशी त्याने घाई केली नाही. जोडीदार बादल्या आणायला गेला होता. टाकीच्या झाकणापाशी हे दोघंच, मेहुणा आणि भावोजी. पोरगा घड्याळ बघत बसला होता. अर्धा तास झाला. तरी उठला नाही. आणखी पाच मिनिटं थांबला. मग शिडीवर एक पाय ठेवला, वर बघितलं आणि विचारलं, "भावोजी, हवा बरोबर आहे ना?"

हा म्हणाला, "आहे रे. उतर."

(काका थांबले. मेणबत्तीचं मेण त्यांनी नखाने काढलं.)

वर आला तो दोरीने आला.

धावपळ झाली. सगळे टाकीपाशी. कुणीतरी ओरडलं म्हणून हा ब्लोअर बंद करायला आत गेला. बटण दाबलं. चाक हळूहळू मंद होत गेलं, आणि मंद झाल्यावर दिसलं. बाण एकीकडे. चाक दुसरीकडे.

त्याने काय केलं माहीत आहे? मोटरवरचं वायरींचं झाकण उघडलं, दोन वायरी बदलल्या, झाकण लावलं. दोन मिनिटं लागली. सकाळी नव्हती ती दोन मिनिटं.

चौकशीला माणसं आली. ब्लोअर चालवून बघितला, तर उत्तम. हवा भरपूर. मग एकच अर्थ उरला. पोरगा अर्धा तास थांबला नाही. घाईने उतरला. कुणी तसं लिहिलं नाही, पण सगळ्यांनी तसं म्हटलं. फिटर गप्प बसला. एक दिवस गप्प बसला म्हणून दुसऱ्या दिवशी बोलता येईना. असं करत नऊ वर्षं गेली.

बहिणीचं दुःख रागात गेलं. भावाचा फोटो तिने भिंतीवर लावलाच नाही. ट्रंकेत तळाशी ठेवला. कुणी नाव काढलं की म्हणायची, "मूर्ख होता. अर्धा तास थांबता आलं नाही त्याला." तिची आई दोन वर्षांनी गेली. शेवटपर्यंत येईल-जाईल त्याला एकच विचारायची, "थांबला का नाही गं माझा बाळ? कसली घाई होती त्याला?" आणि हा जावई उशाशी बसून तिला पाणी पाजायचा.

असा तो माणूस त्या मंगळवारी रात्री कारखान्याच्या फाटकाशी उभा राहिला.

*

रात्रपाळीचा ऑपरेटर नवा होता. त्याने कंदिलासारखी बॅटरी हातात घेऊन याला ब्लोअरच्या खोलीत नेलं. म्हणाला, "मामा, हा ब्लोअर लहरी आहे. टाकी साफ करायची वेळ आली म्हणून दोन्ही पाळ्यांत चालवून बघतोय. चालू केला की छान चालतो. बरोबर अर्ध्या तासाने हवा पडते. घड्याळ लावून घ्या."

"अर्ध्या तासाने?"

"मिनिट इकडचं तिकडे नाही. दिवसा मात्र गुणी बाळ."

अपघातानंतर जुन्या साहेबांनी नळीवर एक गेज बसवला होता, हवेचा दाब दाखवणारा. पितळी, तळहाताएवढा. त्याची सुई सरळ उभी राहिली की हवा पुरेशी. ऑपरेटर म्हणाला, अर्ध्या तासाने ही सुई आडवी होते. एवढं सांगून तो आपल्या पाळीच्या कामाला गेला. जाता जाता म्हणाला, "काही लागलं तर हाक मारा. मला ऐकू येणार नाही, पण मारा."

साडेअकरा वाजले होते.

फिटर कामाला लागला. काम होतं तोवर तो बरा होता. हवा कमी पडते म्हटलं की कारणं ठरलेली. आधी फिल्टर बघायचा. काढला, झटकला, दिव्यासमोर धरला. आरपार उजेड. मग पट्टा. तापल्यावर पट्टा सैल पडून घसरतो, अर्ध्या तासाने हवा पडायचं ते कारण असू शकतं. बोटाने दाबून बघितला. ताठ होता. तरी आणखी थोडा ताणला. नळीतली झडप हादऱ्याने आपोआप मिटत असेल म्हणून तिचा दांडा तारेने बांधून टाकला. बेअरिंगला स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं. आवाज गुळगुळीत, एका सुरात. मोटर बंद करून चाक बघितलं. बाणाच्या बाजूला फिरत होतं. त्यानेच बदललेल्या त्या वायरी, तशाच.

बारा वाजून दहा मिनिटांनी त्याने ब्लोअर चालू केला. सुई सरळ उभी राहिली. हा पालथ्या बादलीवर बसला.

बारा चाळीस. सुई खाली आली. हळूहळू. कुणी हाताने खाली दाबावी तशी.

झडप तशीच बांधलेली. पट्टा गरम नाही. वीज पुरेशी. मग त्याला वाटलं, गेजच खोटा असेल. ब्लोअर बंद केला. गेज काढून पिशवीत टाकला, स्वतःकडचा बसवला. पुन्हा चालू केला. पुन्हा बादलीवर बसला. एक वाजायला आला होता. खोलीत थंडी नव्हती, पण त्याने हात काखेत धरले होते.

नंतर मला म्हणाला, "त्या अर्ध्या तासात मी घड्याळाकडे बघितलं नाही. मला माहीत होतं कधी होणार ते."

दीड वाजला. सुई खाली आली.

आता एकच गोष्ट बघायची राहिली होती. त्याने बटण दाबलं. मोटरचा आवाज उतरला. चाक मंद झालं. आणखी मंद.

उलटं.

बाण एकीकडे. चाक दुसरीकडे.

त्याने वायरींचं झाकण उघडलं. कुणी हात लावला नव्हता. धूळ तशीच होती. तो उठला, मेन स्विच पाडला. तिन्ही फ्यूज काढले. खिशात टाकले. वळून बघितलं.

चाक थांबलं नव्हतं.

मग त्याने जाळी काढली. पट्टाच उतरवला. आता मोटर वेगळी. चाक वेगळं. कशाला काही जोडलेलं नाही.

चाक फिरत होतं. सावकाश. उलटं.

("काका," रेडिओ हळूच म्हणाला, "पाय उलटे असतात ना त्यांचे?" काका म्हणाले, "पाय नव्हते रे. चाक होतं.")

आवाज नव्हता. पट्टा नाही, मोटर नाही, आवाज कुठून येणार? फक्त नळीतून हवा जात होती. जात होती... थांबत होती... पुन्हा जात होती. नळीचं दुसरं टोक बाहेर होतं. टाकीच्या झाकणापाशी.

तो बाहेर गेला. का गेला, त्याला सांगता आलं नाही. म्हणाला, पाय गेले.

चांदणं होतं. झाकण बंद. झाकणावरचे बोल्ट गंजलेले, वर्षभरात कुणी हात न लावलेले. नळीचं टोक बाजूला पडलेलं.

तो तिथे उभा राहिला. झाकणाच्या एका बाजूला. नऊ वर्षांपूर्वी उभा होता तिथेच.

काही नाही.

बराच वेळ... काही नाही.

मग नळीतून आलं. मोठ्याने नाही. ओरडून नाही. रागही नव्हता त्यात. पोरगा जसा विचारायचा तसंच. वर बघून. विश्वासाने.

"भावोजी... हवा बरोबर आहे ना?"

...

मला म्हणाला, "मी पळून जाऊ शकलो असतो. त्याने अडवलं नव्हतं."

...

"भावोजी..."

आणि हा म्हणाला, "नाही."

पुन्हा म्हणाला, "नाही रे बाळा. हवा बरोबर नाही. माझं चुकलंय. तू उतरू नकोस. थांब. वर ये."

नळीतून एक लांब श्वास आला. हातावर लागला त्याच्या. कोमट.

आत जाऊन बघितलं तर चाक थांबलेलं होतं.

*

पहाटे पाचला तो घरी पोचला. बायको उठलेली होती. त्याने पिशवी खाली ठेवली आणि दारातच उभा राहून सगळं सांगितलं. बसला नाही. सुपरवायझर, झटका, दोन वायरी, सगळं. रात्रीचं शेवटी सांगितलं.

ती ऐकत राहिली. मग एवढंच विचारलं, "अर्धा तास थांबला होता तो?"

"पस्तीस मिनिटं."

ती खाली बसली. रडली नाही. खूप वेळाने म्हणाली, "आई तेच विचारत गेली." आणखी काही नाही. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. त्याने मला सांगितलं, त्या एका वाक्यापेक्षा तिने दगड घातला असता डोक्यात तर बरं झालं असतं.

उजाडल्यावर तिने ट्रंक उघडली. फोटो काढला, पदराने पुसला आणि भिंतीवर खिळा मारून लावला. याने हातोडी पुढे केली तर घेतली नाही. बत्त्याने मारला. मग त्याची पिशवी आवरायला घेतली, त्यात तो कारखान्याचा गेज निघाला. परत द्यायचा राहिला होता. तिने तो हातात घेतला, बराच वेळ बघत राहिली, आणि फोटोखालच्या फळीवर ठेवला. कारखान्याने नंतर दुसरा बसवला. ब्लोअर पुन्हा कधी बिघडला नाही.

तिने नवऱ्याला सोडलं नाही. जेवायला वाढायची. आजारात सगळं केलं. पण त्यानंतर पाच वर्षं, तो मरेपर्यंत, त्याच्याशी कामापुरतंच बोलली. दोन वर्षांपूर्वी तो गेला. दवाखान्यात असताना मला हे सांगितलं.

*

काका गप्प झाले. आम्हाला वाटलं गोष्ट संपली. रेडिओ चक्क बंद होता.

तेवढ्यात वीज आली. दिवा एकदम लागला आणि आम्ही दोघंही दचकलो. काका दचकले नाहीत. मेणबत्ती तशीच जळत होती, ती विझवायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. मी उठून भट्टी चालू केली.

माझी पाठ काकांकडे होती तेव्हा ते म्हणाले, "ती मोटर मी बांधली होती."

मी वळलो नाही. वळता येईना.

"खुणेच्या पट्ट्या संपल्या होत्या," काका म्हणाले. "विजेच्या सामानाचं दुकान समोरच होतं. रात्रीचे साडेआठ वाजले होते, रस्ता ओलांडायचा कंटाळा केला. म्हटलं, फिटर हुशार आहे, झटका देऊन बघेल. त्याला माहीत होतं मोटर कुणी बांधली. बायकोला सांगताना त्याने माझं नाव घेतलं नाही. मरतानाही मला म्हणाला, तुझं काही नाही, माझंच चुकलं."

रेडिओने विचारलं, "मग तुम्ही त्यांना..."

"नाही."

त्या रात्री आम्ही तिघंही दुकानातच झोपलो. म्हणजे आडवे झालो.

सकाळी सहाला मी भट्टी उघडली. मोटर चांगली भाजून निघाली होती. मी गार व्हायला बाहेर काढून ठेवली आणि तिच्या तिन्ही वायरींना पट्ट्या लावल्या. काका तोंड धुऊन आले, माझ्या हाताकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "मोटर रेडिओ देऊन येईल. तू माझ्याबरोबर चल जरा. एकट्याने व्हायचं नाही."

कुठे, ते मी विचारलं नाही.

चालतच गेलो. वीस मिनिटं. एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. दार उघडंच होतं. आम्ही चपला बाहेर काढल्या. आत एक पन्नाशीच्या बाई जमिनीवर बसून धुतलेले कपडे घडी करत होत्या. आम्हाला बघून त्यांनी मान वर केली, पण उठल्या नाहीत.

काका दारातच उभे राहिले. आवाज मोठा निघाला, मनात घोळवून आणलेलं बोलताना निघतो तसा. "वहिनी, एक सांगायचं राहिलंय. ती मोटर मी बांधली होती. वायरींना खुणा मी लावल्या नव्हत्या. तुमच्या भावाला..."

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठे झोप लागलीये त्याला."

घरात दुसरं कुणी नव्हतं. आतल्या खोलीचं दार उघडं होतं, तिथे रिकामी खाट दिसत होती. बाई भिंतीकडे बघत होत्या. मीही बघितलं. एका हसऱ्या मुलाचा फोटो, आणि खाली फळीवर तो पितळी गेज. त्याला नळी नव्हती. मागची नळी जोडायची जागा उघडीच होती, आणि तिच्यामागे नुसती भिंत.

सुई हलत होती. हळूहळू वर जायची, सरळ उभी राहायची, थोडी थांबायची. मग हळूहळू खाली यायची. पुन्हा वर.

खूप दमून गाढ झोपलेल्या माणसाची छाती हलते तशी.

काका भिंतीला धरून खाली बसले. बाईंनी घडी करायचे कपडे बाजूला ठेवले आणि उठून त्यांना पाणी आणून दिलं. मला तिथे उभं राहवेना आणि निघताही येईना. शेवटी मी मागे सरकत दारापर्यंत आलो, चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता जिना उतरलो.